‘मेमरी फुल’ची गोष्ट (आणि थोडं हफमन कोडिंग)

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं फारसं जमत नाही. "तू टेक्निकल लिही, शुद्धलेखनाचं आम्ही बघतो," असं मराठी विभागाच्या मॅडम म्हणाल्या, म्हणून ही हिंमत!

विषय आहे ऑफिसमधल्या प्रिंटरवर येणारी ‘फॅक्स मेमरी फुल’ ही सूचना. हसू नका. "फॅक्स? अजून?" असं माझ्या रूममेटनेही विचारलं होतं. तारसेवा १५ जुलै २०१३ ला बंद झाली, तशी फॅक्सही कधीच गेली असं आपल्याला वाटतं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने जानेवारी २०१९ पासून नवीन फॅक्स मशीन घ्यायला बंदी केली आणि ३१ मार्च २०२० पर्यंत जुनी काढून टाकायचं ठरवलं, म्हणजे २०१८ च्या डिसेंबरपर्यंत तिथेसुद्धा ती ढिगाने होती! आपल्याकडे कित्येक लेटरहेडवर फोनच्या खाली फॅक्स नंबर छापलेला दिसतो. आणि ऑफिसात जो प्रिंट-स्कॅन-झेरॉक्सवाला डबा असतो, त्याच्या मागे टेलिफोनची वायर लावायची एक छोटी खाच बऱ्याचदा असते. ती खाच कुणी वापरत असेल तर हा लेख त्यांच्यासाठी.

मी किनवटची. हॉस्टेलवर किनवट म्हटलं की "सहस्रकुंडचं का?" एवढंच विचारतात. धबधबा आहे, सागवान आहे, पैनगंगा आहे, आणि पलीकडे लगेच तेलंगण. पावसाळ्यात झाडाची फांदी तारेवर पडली की लाइट जाते, आणि नेटचं तर विचारूच नका. माझे मामा तिथे एका ऑफिसात लिपिक आहेत. कोणतं ऑफिस ते सांगत नाही, मामांनी शपथ घातली आहे. त्यांच्याकडे मेल आहे, सगळं आहे, पण नेट गेलं की वरच्या ऑफिसातले लोक आजही सरळ फॅक्स करतात, कारण तांब्याची लँडलाइन चालू असते.

दिवाळीच्या सुट्टीत नंदीग्रामने घरी पोचले आणि दुसऱ्याच दिवशी मामांचा फोन.

"काय करायलीस गं? जरा ऑफिसात ये की. मशीन सकाळपासून बोंबलायलंय. मेमरी फुल म्हणायलंय. तू टेलिकॉमची ना?"

आता थर्ड इयर ई अँड टीसीच्या मुलीला असं विचारल्यावर ती नाही म्हणेल का? गेले. बघते तर स्क्रीनवर लाल दिवा आणि ‘मेमरी फुल’. झेरॉक्स व्यवस्थित निघत होती, कॉम्प्युटरवरून प्रिंटही येत होती, फक्त फॅक्स घेईना आणि पाठवेना. मी हॉस्टेलच्या वायफाय राऊटरला जो उपाय करते तोच केला. मागची वायर काढली, दहा आकडे मोजले, परत लावली. लाल दिवा गेला! "पोरगी हुशार आहे," म्हणत शिपाईकाकांनी चहा आणला. मी पण थोडी फुगलेच.

चहा संपेपर्यंत मशीनने आपणहून एक कागद बाहेर टाकला. त्यावर दहा ओळींचा तक्ता होता: तारीख, वेळ, समोरचा नंबर, पानं किती. नऊ ओळी आलेल्या फॅक्सच्या, एक ओळ जाणाऱ्याची. आलेली ३६ पानं, जाणारी २२, एकूण ५८. आणि वर लिहिलं होतं की हे सगळं मेमरीतून पुसलं गेलं आहे.

मामांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे हे आपल्याला आलंच नाही का?"

आलं होतं मामा. मीच घालवलं.

माझ्या या मूर्खपणामागचं विज्ञान आधी सांगते. फॅक्स ही टेलिफोनपेक्षाही जुनी कल्पना आहे. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेनने तारेवरून चित्र पाठवायच्या यंत्राचं पेटंट १८४३ मध्ये घेतलं, आणि बेलचं टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. आज आपण जी वापरतो ती ‘ग्रुप ३’ फॅक्स, तिचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड १९८० मध्ये आलं. फोन लावल्यावर आपलं मशीन ११०० हर्ट्झचा सूर थांबून थांबून सोडतं, समोरचं मशीन २१०० हर्ट्झने उत्तर देतं, मग दोघं वेग ठरवतात. आपण चुकून फॅक्स नंबरला फोन लावला की कानात जी किंकाळी येते ना, ती हीच.

महत्त्वाचं पुढे आहे. पान पोचलं की घेणारं मशीन ‘पान मिळालं’ असा सिग्नल परत पाठवतं, आणि पाठवणाऱ्याच्या रिपोर्टवर ‘ओके’ छापून येतं. पण ‘मिळालं’ म्हणजे कागदावर छापलं असं नव्हे! ते मेमरीत आलं तरी ‘ओके’च जातं. म्हणजे आपल्या मशीनमध्ये कागद नसो, झाकण उघडं असो, समोरचा माणूस ‘ओके’चा कागद फाइलला लावून घरी जेवायला जातो. मेमरी पूर्ण भरली की मात्र मशीन नवीन फॅक्स घ्यायला नकार देतं, आणि तेव्हा कुठे पाठवणाऱ्याला कळतं की काहीतरी बिघडलं आहे. तेव्हा ‘मेमरी फुल’ ही मशीनची तक्रार कमी आणि आपली थकबाकी जास्त आहे. आत जेवढी पानं पडून आहेत, तेवढ्या पानांबद्दल कुणाला तरी ‘पोचलं’ असं सांगून झालेलं आहे, आणि वाचलेलं मात्र कुणीच नाही.

हे नुसतं तात्त्विक नाही बरं का. चेक न वटल्याच्या एका प्रकरणात (एसआयएल इम्पोर्ट विरुद्ध एक्झिम एड्स सिल्क एक्स्पोर्टर्स) सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये सांगितलं की फॅक्सने आलेली नोटीस ही लेखी नोटीसच, आणि मुदत मोजायची ती फॅक्स मिळाल्या दिवसापासून. मागून पोस्टाने आलेल्या प्रतीवरून दिवस मोजले म्हणून तक्रार उशिराची ठरली. आणि २१ नोव्हेंबर २०१८ तर बऱ्याच जणांना आठवत असेल. जम्मू-काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्ती यांनी सरकार स्थापनेचं पत्र राजभवनाला फॅक्स करायचा प्रयत्न केला, ते जात नाही असं ट्विटरवर लिहिलं, आणि त्याच संध्याकाळी विधानसभा बरखास्त झाली. नंतर राज्यपाल सत्यपाल मलिक म्हणाले की ईदची सुट्टी होती, फॅक्स बघायला कुणी नव्हतं. राजकारण आपला विषय नाही. पण कोपऱ्यातल्या एका डब्याने देशभर गाजावं, हे टेलिकॉमवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता प्रश्न असा, की आमच्या मशीनच्या खोक्यावर ‘मेमरी २५६ पानं’ असं ठळक छापलेलं होतं. मग ५८ पानांत ती भरली कशी? इथे मला डिजिटल कम्युनिकेशनची ओरल आठवली. एक्स्टर्नल सरांनी हफमन कोडिंगचा उपयोग विचारला होता आणि मी "डेटा कॉम्प्रेशन सर" एवढं म्हणून गप्प बसले होते. सर, हे घ्या उत्तर, थोडं उशिरा!

फॅक्समध्ये एका आडव्या ओळीत १७२८ ठिपके असतात, प्रत्येक काळा किंवा पांढरा. साध्या रिझोल्यूशनला एका मिलिमीटरमध्ये ३.८५ ओळी. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर उंच, म्हणजे साधारण ११४३ ओळी. गुणाकार केला की एका पानाचे सुमारे १९ लाख ७५ हजार बिट होतात, म्हणजे जवळपास २४७ किलोबाइट. ९६०० बिट प्रति सेकंद या वेगाने हे असंच पाठवलं तर एका पानाला साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतील. एसटीडीच्या बिलानेच माणूस मेला असता.

म्हणून ठिपके एकेक करून पाठवत नाहीत, सलग किती पांढरे आणि सलग किती काळे, एवढंच कोडमध्ये सांगतात. जी लांबी वारंवार येते तिला छोटा कोड, क्वचित येते तिला मोठा. डेव्हिड हफमनने १९५२ मध्ये मांडलेली कल्पना ती हीच. पूर्ण कोरी ओळ म्हणजे सलग १७२८ पांढरे. तिचा कोड फक्त १७ बिटचा आहे! १७२८ चे १७. टाइप केलेल्या पत्रात बहुतेक कागद कोराच असतो, म्हणून पत्र अगदी थोड्या जागेत बसतं.

पण आता झेरॉक्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्सचा विचार करा. आपल्या जर्नल्सच्या झेरॉक्स असतात ना, करड्या, कडेला काळी पट्टी, मध्येच रवा सांडल्यासारखे ठिपके, तशीच. ती ‘फोटो’ मोडवर स्कॅन केली की मशीन करडा रंग दाखवायला एक पांढरा, एक काळा असे ठिपके पेरतं. एका पांढऱ्या ठिपक्याचा कोड ०००१११, म्हणजे सहा बिट. एका काळ्याचा ०१०, तीन बिट. दोन ठिपक्यांना नऊ बिट! पूर्ण ओळ अशी असेल तर ८६४ जोड्या गुणिले नऊ, म्हणजे ७७७६ बिट. दाबून लहान करायच्या नादात ओळ साडेचार पट फुगली, आणि कोऱ्या ओळीपेक्षा साडेचारशे पटींहून मोठी झाली. (मशीन आत साठवताना यापेक्षा हुशार पद्धती वापरतं, त्यामुळे इतकी टोकाची वेळ येत नाही, पण तत्त्व तेच.) वर कुणी ‘फाइन’ दाबलं तर ओळी दुप्पट. खोक्यावरचे ‘२५६ पानं’ हे एका ठरावीक, मोकळ्या ढाकळ्या टाइप केलेल्या नमुना पत्रावर, साध्या रिझोल्यूशनला मोजलेले असतात. आपल्या ऑफिसातल्या शिक्के मारलेल्या कागदांवर नव्हे. मोटारसायकलच्या मायलेजसारखंच हे!

आमच्या यादीतल्या जाणाऱ्या २२ पानांची भानगडही अशीच निघाली. कुणीतरी जुन्या यादीची झेरॉक्स ‘फोटो’ आणि ‘फाइन’ दोन्ही लावून नांदेडला पाठवायला घेतली, पण ०२४६२ लावायचा राहिला. फॅक्स जाईना. मशीनमध्ये ‘न गेलेला फॅक्स जपून ठेवा’ हे चालू होतं, त्यामुळे ती २२ जाडजूड पानं आत ठाण मांडून बसली होती. माणूस मात्र "पाठवलं" म्हणून मोकळा.

पण आलेली ३६ पानं छापली का गेली नाहीत? कागद होता, टोनर होता, झेरॉक्स काळीभोर येत होती. पहिल्या दिवशी हा प्रश्न मला पडलाच नाही, दिवा गेला की रोग गेला. दोन दिवसांनी मामांनी मुद्दाम एका ओळखीच्या ऑफिसातून एक पान मागवलं. रिंग वाजली, किंकाळी आली, मशीन गुरगुरलं, आणि कागद काही बाहेर येईना. ‘मेमरीत घेतलं’ असा दिवा तेवढा लुकलुकत राहिला. या वेळी मात्र मी वायरला हात लावला नाही. कपाटातून मॅन्युअल शोधलं, धूळ झटकली आणि बसले वाचत. (मॅन्युअल इंग्लिशमध्ये होतं, म्हणून कॉन्व्हेंटचा इथे पहिल्यांदा उपयोग झाला.)

पहिली गोष्ट कळली ती लाज आणणारी. या मॉडेलमध्ये वीज गेली की मेमरीतले फॅक्स जातात, असं चौकटीत छापलेलं होतं. काही मशीनमध्ये छोटी बॅटरी असते, काहींत फ्लॅश मेमरी असते आणि वीज गेली तरी पानं टिकतात. आपलं कोणतं ते आधी वाचल्याशिवाय स्विच बंद करणं म्हणजे न बघता पोस्टाची पेटी चुलीत रिकामी करणं. किनवटला लाइट केव्हातरी जातेच, त्यामुळे याआधी किती पानं अशीच गेली असतील, कोण जाणे.

दुसरी गोष्ट खऱ्या कारणाची. टोनर कमी झाला की हे मशीन कॉम्प्युटरवरची प्रिंट आणि झेरॉक्स चालू ठेवतं, पण आलेला फॅक्स छापत नाही, मेमरीत धरून ठेवतं. आधी मला हे उलटंच वाटलं. मग विचार केला तेव्हा पटलं. प्रिंट फिकी आली तर फाइल आपल्याकडे आहे, परत काढू. झेरॉक्स फिकी आली तर मूळ कागद काचेवर आहे. फॅक्सचं तसं नाही. एकदा छापला की मशीन तो मेमरीतून पुसतं, मूळ कागद शंभर किलोमीटरवर दुसऱ्याच्या फाइलमध्ये. पान फिकं आलं तर गेलंच. म्हणून ते बिचारं थांबून राहतं. ज्या कुणी इंजिनिअरने हे ठरवलं त्याला माझा सलाम, फक्त त्याने स्क्रीनवर तसं नीट सांगायला हवं होतं!

पण टोनर तर भरलेला होता? हो, भरलेला होता, पण नांदेडहून रिफिल करून आणलेला. काट्रिजवर एक छोटी चिप असते, ती किती पानं छापली ते मोजते. रिफिलवाल्याने पावडर भरली, चिप जुनीच ठेवली. मशीनच्या हिशोबाने काट्रिज महिन्यापूर्वीच संपलेलं. ‘टोनर लो’ ही सूचना रोज यायची, आणि ‘ते तसंच दाखवतं’ म्हणून रोज कुणीतरी ओके दाबून पुढे जायचं. शिपाईकाका तर दर सोमवारी काट्रिज काढून, हलवून, परत बसवायचे. त्यांची काय चूक? प्रिंट तर छान येत होती.

मॅन्युअलमध्ये त्यावर एक सेटिंग होतं: टोनर कमी दाखवला तरी आलेला फॅक्स छापा. ते चालू केलं आणि पान सर्रकन बाहेर आलं. मामांनी एवढा आनंद माझ्या बारावीच्या निकालालाही दाखवला नव्हता. नंतर काट्रिजची चिपही बदलून आणली, कारण पावडर खरंच संपेल तेव्हा मशीनने थांबलेलंच बरं.

तर मंडळी, तुमच्या कुणाच्या नात्यातल्या ऑफिसात, किंवा उद्या तुमच्या स्वतःच्या नोकरीत ही लाल अक्षरं दिसली, तर मी जे केलं त्याच्या उलट करा. वायर काढू नका. आधी मेनूमधून मेमरीतल्या फॅक्सची यादी छापा, बहुतेक मशीनमध्ये तो रिपोर्ट असतो. यादीत आलेले फॅक्स जास्त असतील तर छपाई कुठे अडली आहे ते शोधा: कागद संपला आहे का, अडकला आहे का, झाकण नीट लागलं आहे का, टोनरची सूचना आहे का. आणखी एक, ट्रेमध्ये लीगल कागद आणि सेटिंगला ए-फोर (किंवा उलट) असं असेल तरीही पानं आत अडकून बसतात. आपल्याकडे अर्जासाठी लीगल आणि पत्रासाठी ए-फोर सारखं बदलत असतात, त्यामुळे हे अगदी नेहमीचं. कधीकधी कुणीतरी ‘मेमरीत घ्या, छापू नका’ हेच चालू करून ठेवलेलं असतं, सुट्टीत कागद कुणी उचलू नये म्हणून, आणि सुट्टी संपल्यावर विसरतं. यादीत जाणारे फॅक्स असतील तर नंबर तपासा, आणि ज्याने पाठवले त्याला विचारूनच एकेक रद्द करा. काहीच छापता येत नसेल तर बऱ्याच मशीनमधून मेमरीतली पानं दुसऱ्या फॅक्स नंबरवर पुढे पाठवता येतात. पुसणं सगळ्यात शेवटी. मोठी यादी पाठवायची असेल तर दहा-दहा पानांचे गठ्ठे करा आणि ‘फोटो’ला हात लावू नका. शिक्का थोडा पुसट गेला तरी अक्षरं वाचता येतात, तेवढं पुरे.

यूपीएसबद्दल मला दोघांनी विचारलं. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नये, आतला तापणारा रोलर एकदम खूप करंट ओढतो.

राहिली ती पुसलेली ३६ पानं. निदान मशीनने जाता जाता नंबर तरी छापून दिले होते. मामांनी त्या दुपारी नऊच्या नऊ ठिकाणी फोन लावले, मी शेजारी बसून खुणा करत होते. दोन जाहिराती निघाल्या. तीन एकाच ऑफिसाचे, उत्तर येईना म्हणून पुन्हा पुन्हा पाठवलेले. तीन जणांनी हसत हसत व्हॉट्सअॅपवर फोटो टाकले. शेवटचा फॅक्स बारा दिवसांपूर्वीचा होता. मामांच्याच ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका काकांच्या पेन्शन प्रकरणात त्रुटी काढली होती, सेवापुस्तकातल्या एका नोंदीचा खुलासा आठ दिवसांत मागितला होता. पलीकडचे साहेब मामांना म्हणाले, "आमच्याकडे ओकेचा रिपोर्ट आहे हो, फाइलला लावलाय."

खरं सांगायचं तर उशीर माझ्या वायर काढण्यामुळे झाला नव्हता, आठ दिवस आधीच उलटून गेले होते. पण तो रिपोर्ट छापून आला नसता तर माझ्या त्या दहा आकड्यांत ते पत्र कायमचं गेलं असतं, आणि काका पोस्टमनची वाट बघत राहिले असते. मामांनी त्याच संध्याकाळी खुलासा लिहिला, साहेबांची सही घेतली, आणि मेल, फॅक्स, स्पीड पोस्ट असा तिन्ही रस्त्यांनी पाठवला. प्रकरण पुढच्या महिन्याच्या यादीत गेलं. काका ऑफिसात आले होते, मला "बाळा, कोणत्या वर्षाला आहेस?" एवढंच विचारून गेले. मी काय बोलणार?

आता त्या मशीनवर मामांच्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे: ‘मशीन परस्पर बंद करू नये. आधी यादी काढावी. रोज सकाळी ११ वाजता मेमरी बघावी. – आदेशावरून’. आदेश कुणाचा, असं मी विचारलं, तर मामा म्हणाले, "तुझाच की!"